दोनशे बारचं मशीन सगळं धुतं का?

*"स. न. वि. वि. मी तासगाव तालुक्यातला, वय २७. दीड एकर द्राक्षबाग आहे, ती भाऊ बघतो. रस्त्याकडेला आमचीच पाच गुंठे जागा आहे, तिथे वॉशिंग सेंटर काढायचं चाललंय. दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर, अधूनमधून जेसीबी असं गिऱ्हाईक येईल. शिवाय पोल्ट्रीची शेड, सांगली-मिरजेतल्या सोसायट्यांच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या अशी बाहेरची कामंही घ्यायचा विचार आहे. मशीनसाठी, म्हणजे दाबाने पाणी मारणाऱ्या प्रेशर वॉशरसाठी, सव्वा लाखापर्यंत जमतात. तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं सिंगल फेज, २२०० वॅट, '२०० बार, १५ लिटर', १९ हजार. दुसरं थ्री फेज, साडेपाच एचपी, १५० बार, १५ लिटर, ८२ हजार. तिसरं डिझेलवर पाणी तापवणारं, साडेतीन लाख, हप्त्यावर. पहिला विक्रेता म्हणतो, बार जास्त तर काम जास्त, एकच मशीन सगळं धुतं. घरात फवारणीचा जुना एचटीपी पंपही पडून आहे. काय घेऊ?"*
– एक वाचक, तासगाव तालुका

स. न. वि. वि.

दुसरं घ्या. पहिल्याच्या नादी लागू नका आणि तिसऱ्याच्या हप्त्यात आत्ता अडकू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण उद्या चौथा विक्रेता आला तर त्याचंही कोटेशन तुम्हाला स्वतःला तपासता आलं पाहिजे.

एक साधा हिशेब पाठ करून ठेवा. बारला, म्हणजे दाबाच्या आकड्याला, मिनिटाच्या लिटरने गुणा आणि ६०० ने भागा. येतील ते किलोवॅट, म्हणजे नोझलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातली ताकद. पहिल्या कोटेशनला हा हिशेब लावून बघा. २०० गुणिले १५ म्हणजे ३०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. आणि मोटर किती, तर २२०० वॅट, म्हणजे २.२ किलोवॅट. मोटर देते त्याच्या दुपटीहून जास्त ताकद पाण्यात येणार कुठून? उलट पंपात थोडी वायाच जाते. एवढ्या मोटरवर १५० बारला मिनिटाला सात लिटरच्या आसपास पाणी मिळालं तरी खूप झालं. पुठ्ठ्यावर छापलेले २०० बार कदाचित गन बंद असतानाचे असतील आणि १५ लिटर कदाचित दाब नसतानाचे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत.

आता दुसरं. १५० गुणिले १५ म्हणजे २२५०, भागिले ६०० म्हणजे पावणेचार किलोवॅट. साडेपाच एचपी म्हणजे साधारण ४.१ किलोवॅट. जेमतेम आहे, पण बसतं. म्हणजे हा विक्रेता निदान कागदावर तरी खरं लिहितोय.

कागदावर थांबू नका. दुकानात डेमो मागा आणि जाताना पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार घेऊन जा. मशीनचा सक्शन पाइप भरलेल्या जारमध्ये सोडायला सांगा, पाइपातली हवा निघू द्या, जार पुन्हा काठोकाठ भरा आणि त्यांचंच नोझल लावून गन दाबून धरा. मोबाइलवर वेळ लावा. १५ लिटरचं मशीन असेल तर जार ८० सेकंदांच्या आसपास रिकामा झाला पाहिजे. अडीच मिनिटं लागली तर ते सात-आठ लिटरचं मशीन आहे, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. त्याच वेळी प्रेशर गेजकडे नजर ठेवा. गन बंद असतानाचा आकडा बघून उपयोग नाही, पाणी चालू असताना काटा कुठे उभा राहतो ते बघा. जो विक्रेता ही चाचणी करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

एवढा लिटरच्या मागे का लागतोय, तर बार आणि लिटर यांची कामं वेगळी आहेत. बार घाण सुटी करतो, लिटर ती वाहून नेतो. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या मडगार्डखाली कशी बसते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बारीक पाण्याची जोरदार धार त्या थराला चर पाडते, पण थर निघत नाही. माणूस तिथेच अर्धा तास उभा राहतो. तिथे पाणी जास्त लागतं. उलट गच्चीवरचं शेवाळ किंवा फरशीत मुरलेला काळपटपणा काढायला दाब लागतो, पाणी कमी असलं तरी चालतं. म्हणून गाड्यांच्या धंद्यात आधी लिटर बघायचे आणि मग बार.

म्हणूनच तुमचा एचटीपी विकू नका. त्याचा दाब ३०-४० बारच्या घरातला असतो, पण बरेचसे एचटीपी पाणी भरपूर फेकतात. ट्रॅक्टरचा पहिला चिखल उतरवायला आणि दुचाकीचं साधं धुणं करायला तो पुरेसा आहे. त्याने चिखल पाडायचा आणि मग मोठ्या मशीनने साफ करायचं, अशी जोडी लावली तर मोठ्या मशीनचे तास वाचतील. मात्र एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. ज्या पंपातून वर्षानुवर्षं बागेची औषधं गेली आहेत, तो, त्याचा पाइप आणि त्याची गन पाण्याच्या टाकीच्या कामाला कधीही न्यायची नाही. कितीही धुतला तरी नाही. गाड्यांसाठी वापरतानाही होस आणि गन नवी लावा. त्या पाण्याचे तुषार तुमच्या कामाच्या पोरांच्या नाकातोंडात जाणार आहेत.

आता मशीनच्या पोटात काय आहे ते बघा. स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. ती फार वेगाने फिरते, आवाज करते आणि लवकर तापते. घरची गाडी आठवड्याला धुणाऱ्याला ती ठीक आहे. दिवसाला सहा तास चालवायचं तर बिनब्रशची इंडक्शन मोटर हवी, शक्यतो १४४० आरपीएमची. २८०० चीही येतात, ती आकाराने लहान आणि किमतीला कमी असतात, पण पंपाची झीज जास्त होते. पंपाचं डोकं पितळी आहे का, प्लंजर (पाणी ढकलणारे दांडे) सिरॅमिकचे आहेत का, तेल बघायची काच आहे का, हे विचारा. आपल्याकडे जोडणी होणाऱ्या पुष्कळ मशीनमध्ये पंप इटालियन असतो, त्यामुळे पंप कोणाचा आणि मॉडेल नंबर कोणता हे बिलावर लिहून घ्या. मग शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : "याचं सील किट आत्ता काउंटरवर काढून दाखवा." सील झिजणारच, त्यात मशीनचा दोष नाही. पण ते सांगलीत मिळत नसेल आणि बाहेरून मागवायला पंधरा दिवस लागणार असतील, तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तुमचं सेंटर बंद पडेल.

विजेचा विषय तुम्ही पत्रात काढलेला नाही, पण मला तोच जास्त धोक्याचा वाटतो. जागा शेताला लागून आहे म्हणून विहिरीच्या कनेक्शनवरून तार ओढू नका. शेतीपंपाची वीज धंद्याला वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरतं आणि त्याची आकारणी जबर असते. शिवाय शेतीची वीज ठरावीक तासांनाच येते, गिऱ्हाईक त्या वेळापत्रकाने येत नाही. महावितरणकडे व्यावसायिक थ्री फेज मीटरचा अर्ज मशीनच्या ऑर्डरच्या आधी टाका. मशीन येऊन पडलंय आणि मीटर नाही, ही गत होऊ देऊ नका. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावाच, एक फेज गेली की मोटर जळायला वेळ लागत नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) व नीट अर्थिंग यांत एक रुपयाही वाचवायचा नाही. ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी, दिवसभर एक पोरगा उभा राहणार आहे. त्याच्या घरी त्याची वाट बघणारं कोणीतरी असतं.

पाण्याचं गणित सोपं आहे. १५ लिटरचं मशीन तासभर सलग चाललं तर ९०० लिटर पाणी जातं. एका चारचाकीला प्रत्यक्ष गन सहा-सात मिनिटं चालते, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. दोन हजार लिटरची टाकी थोडी उंचावर ठेवा आणि पाऊण इंची पाइपाने मशीनला पाणी द्या. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, खडखडतो आणि आतून खराब होतो. तोंडाला जाळी असलेला फिल्टर लावा. बोअरचं पाणी जड असेल तर नोझल आणि व्हॉल्व्हमध्ये क्षार साठतात आणि काळ्या गाडीवर पांढरे डाग राहतात, तेव्हा गाडी उन्हात वाळू देऊ नका, लगेच पुसून घ्या. खाली वाहणारं पाणी गाळ बसायचा खड्डा आणि तेल अडवायचा कप्पा यांतून गेलं पाहिजे, ओढ्यात सरळ सोडायचं नाही. तुमच्या कामाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोणती संमती लागेल ते रॅम्प बांधायच्या आधी त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. रॅम्प झाल्यावर खड्डा खोदणं दुप्पट खर्चाचं होतं.

आता कामागणिक.

चारचाकीला १५० बार पूर्ण लावायचे नाहीत. रेग्युलेटरवरून ८०-१०० वर आणा. नोझलचे रंग पोराला पहिल्याच दिवशी शिकवा : लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळं १५ अंशांचा पंखा, हिरवं २५ चा, पांढरं ४० चा आणि काळं साबणासाठी. लाल नोझल सेंटरवर ठेवूच नका, कुलपात ठेवा. रंगावर हिरवं किंवा पांढरं, हातभर अंतरावरून. टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि हवेच्या व्हॉल्व्हवर एक फुटाच्या आत धार नेऊ नका. टायरला आतून इजा होते, ती त्या वेळी दिसत नाही आणि पुढे हायवेवर फुटतो. नोझलचा नंबरही मशीनशी जुळायला हवा. १५० बार, १५ लिटरला साधारण ०५५ नंबर बसतो. काही महिन्यांनी दाब कमी वाटला तर पंप खोलायच्या आधी नोझल बदलून बघा. भोक झिजून मोठं झालेलं असतं, एवढंच.

जेसीबी आणि ट्रॅक्टरला दाब पूर्ण चालतो, पण रेडिएटरच्या पात्यांवर तिरकी धार मारली तर त्या दुमडतात आणि इंजिन तापायला लागतं. तिथे लांबून आणि समोरून. अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट, सील केलेले बेअरिंग यांपासून दूर. आणि पिनांमधलं ग्रीस धुऊन निघतं, म्हणून धुलाईबरोबर ग्रीसिंगही द्या. त्याचे पैसे वेगळे लावा, मालक आनंदाने देतो.

पोल्ट्रीचं काम चांगलं आहे, कारण दर बॅचनंतर शेड रिकामी होते आणि धुवावीच लागते. पण तिथे पाण्याआधी झाडू आणि फावडं. तूस, विष्ठा सगळी कोरडीच काढायची. मग साबणाचं पाणी मारून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यायचं, मग धुवायचं, मग वाळवायचं आणि मगच जंतुनाशक. घाणीवर जंतुनाशक मारलं तर ते घाणीतच संपतं. मास्कशिवाय कोणाला आत सोडू नका. अडचण विजेची आहे, शेडवर थ्री फेज असेलच असं नाही. पेट्रोल इंजिनचं मशीन हा त्यावरचा मार्ग, पण त्याला मोटरच्या जवळपास दुप्पट एचपी लागतात. म्हणजे तुमच्या साडेपाच एचपीच्या तोडीचं काम हवं तर इंजिन नऊ-दहा एचपीचं. "साडेसहा एचपी पेट्रोल" ऐकून हुरळून जाऊ नका. पहिलं वर्ष ते भाड्याने आणा, कामं किती मिळतात ते बघा, मग विकतचा विचार करा.

सोसायटीच्या गच्चीचं काम घेण्याआधी गच्ची चढून बघा. आपल्याकडच्या पुष्कळ गच्च्या ब्रिकबॅट कोब्याच्या, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराच्या असतात, वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. सांधे आधीच मोकळे झालेले असतात. १५० बारची धार त्यात गेली की सांधा उघडतो, पहिल्याच पावसात खालच्या घरात गळती लागते आणि सोसायटी तुमच्या नावाने शंख करते. आधी तडे, पोपडे, वॉटरप्रूफिंगचा थर यांचे फोटो काढून सेक्रेटरींना पाठवा. दाब ६०-८० वर ठेवा आणि हाताने धार मारण्याऐवजी फिरत्या दांड्याचं गोल सरफेस क्लीनर वापरा. ते सगळीकडे सारखं धुतं, पट्टे उमटत नाहीत आणि वेळ निम्मा लागतो. पेव्हर ब्लॉकला मात्र सांध्यातली वाळू निघून येते, ती परत भरून देणं दरात धरा.

पाण्याच्या टाकीसाठी होस आणि गन वेगळी, नवी, त्यावर रंगाची खूण. मशीन बाहेरच राहील, आत फक्त होस जाईल. पेट्रोलचं इंजिन टाकीच्या तोंडाजवळसुद्धा नको, त्याचा धूर आत उतरतो आणि त्या धुराला वास नसला तरी तो माणूस मारतो. आत एक माणूस असेल तर तोंडाशी दुसरा हवाच. ब्लीचिंगचा वास बंद टाकीत छातीत भरतो, ते काम टाकीच्या तोंडाशी पंखा लावून करा.

काही कामं नाकारायची. छतावरचे सोलर पॅनेल प्रेशर वॉशरने धुवायचे नाहीत. आता घरोघरी ते बसतायत, लोक विचारतीलच. दाबाने कडेचं सील सुटतं, आत पाणी शिरतं, तापलेल्या काचेला थंड पाण्याने तडा जाऊ शकतो आणि कंपनीची वॉरंटी जाते. तिथे मऊ ब्रश आणि साधं पाणी, सकाळी लवकर. गावाने कौतुकाने जुनं दगडी मंदिर धुवायला सांगितलं तर हात जोडा. चुन्याचे सांधे निघाले की दगड हलायला लागतो आणि झिजलेलं कोरीवकाम परत येत नाही. सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवायचं काम कोणी कितीही पैसे देऊन सांगितलं तरी नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. साखर कारखान्याच्या नळ्यांमधला क्षार काढायचं काम कानावर येईल, त्याला शेकडो बारची वेगळी यंत्रं आणि शिकलेली माणसं लागतात. तुमचं १५० तिथे काही उपयोगाचं नाही.

गरम पाण्याच्या मशीनबद्दल. ते वाईट नाही. गॅरेज, ग्रीस, तेलकट इंजिन, दूध संकलनाची जागा, खाद्यपदार्थांचे कारखाने इथे त्याला तोड नाही. पण डिझेल मोजा. तासाला ९०० लिटर पाणी ५० अंशांनी तापवायचं तर साडेपाच-सहा लिटर डिझेल जळतं. नव्वदच्या दराने धरलं तरी तासाला पाचशे रुपये, वर हप्ता. चारचाकी धुवायला गरम पाण्याची गरज नाही, फोम आणि पाच मिनिटांचं भिजवणं पुरतं. एखाद्या डेअरीशी किंवा ट्रान्सपोर्टवाल्याशी वर्षाचा लेखी करार झाला, की मग बँकेत जा.

एक गोष्ट घरच्यांना आणि कामाच्या पोरांना बसवून सांगा. १५० बारला नोझलमधून पाणी सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतं, ताशी सहाशे किलोमीटर. गन दाबताच साडेचार किलोंचा धक्का मागे बसतो, म्हणून शिडीवर उभं राहून गन चालवायची नाही. आणि ती धार बोटावर किंवा पायावर आली तर गमबूट-ग्लोव्ह्जमधूनही पाणी कातडीखाली घुसतं. बाहेर टाचणीएवढं छिद्र दिसतं, रक्तही फारसं येत नाही, दुखतंही कमी. हळद लावून काम चालू ठेवलं तर बोट जातं. अशा वेळी त्याच तासाला सर्जनकडे, आणि डॉक्टरांना "प्रेशरच्या पाण्याने टोचलंय" असं स्पष्ट सांगायचं. एकमेकांच्या पायावर पाणी मारायची मस्करी पहिल्या दिवसापासून बंद.

पोरांना दुसरी सवय लावा ती गन सोडली की मशीन बंद करायची. गन सोडल्यावर पाणी पंपातच गोल फिरतं आणि दोन-तीन मिनिटांत तापतं. गिऱ्हाइकाशी बोलत पाच-पाच मिनिटं मशीन तसंच चालू ठेवल्याने सील जळतात. ऑटो-स्टॉप (गन सोडली की मशीन आपोआप बंद) मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन घ्या.

८२ हजारांत जीएसटी आणि होस धरलेत का ते विचारा. मग उरलेल्या त्रेचाळीस हजारांतून आधी ईएलसीबी, अर्थिंग आणि जाड केबल. मग तीन सुती (३/८ इंची) चांगली होस, वीस मीटर. दोन सुती (पाव इंची) लांब होस घेतली तर दाब रस्त्यातच मरतो. फोम गन, सरफेस क्लीनर, दोन जोडी गमबूट, गॉगल, आणि एक सील किट घरात. टाकी आणि खड्ड्याचा खर्च यात बसणार नाही, तो बांधकामात धरा. पंपातलं पहिलं तेल ५० तासांनी बदलायचं असतं. रोज किती तास चाललं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोराकडून लिहून घ्या, म्हणजे पन्नासावा तास चुकणार नाही.